निगडे गुरुजींचा नकाशा

डोळ्यांवर पट्टी बांधलेली चौथीची मुलं मैदानात उभी होती आणि शिक्षणाधिकारी स्वतः एकेकाचे खांदे धरून त्यांना गरगर फिरवत होते. मग त्यांनी विचारलं, "सोनखिंड कुठे?" सगळे हात एकदम एकाच दिशेला गेले. "पाझर तलाव?" हात फिरले. "तालुक्याचं एसटी स्टँड?" पुन्हा फिरले, आणि पुन्हा एकाच दिशेला. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. आमचे मुख्याध्यापक जगदाळे सर तर रुमालानं डोळे टिपायला लागले.

टाळ्या मीही वाजवल्या. सावळसरच्या शाळेत चौथीला परिसर अभ्यास मीच शिकवते, त्यामुळे भूगोल हा मुलांच्या डोक्याबाहेर राहणारा विषय आहे हे मला कुणी सांगायला नको. उगवतीकडे तोंड करून उभं केलं की समोर पूर्व आणि डाव्या हाताला उत्तर, हे सगळे घोकतात. वर्गात येऊन उलट्या बाजूला तोंड करून बसले तरी उत्तर आपली डाव्या हातालाच. नकाशा भिंतीवर टांगला की उत्तर छताला जाऊन भिडते आणि दक्षिण फरशीवर सांडते. एका पोरानं मला अगदी काळजीनं विचारलं होतं, "बाई, कोल्हापूर इतकं खाली आहे, तर तिथली माणसं घसरत नाहीत का?"

माझ्या वडिलांनी यावर आयुष्यभर एकच उपाय केला. याच शाळेत ते नोकरीला लागले आणि इथूनच निवृत्त झाले. निगडे गुरुजी म्हटलं की आजही तालुक्यात माणसं उठून उभी राहतात. ते भिंतीवरचा नकाशा काढून जमिनीवर अंथरायचे, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला लावायचे आणि मग मुलांना घेऊन रानोमाळ चालायचे. त्यामुळे 'पाऊलवाट'ची माणसं गावात आली ती थेट आमच्याच घरी आली. घरात आम्ही दोघंच, मी आणि अण्णा.

पाऊलवाट म्हणजे एक टोपी. तिच्यामागचं शास्त्र डॉ. अमेय लोंढे नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं आमच्या ओसरीवर बसून समजावून सांगितलं. माणूस चालतो तेव्हा मेंदूच्या खोल आतल्या, बोटाएवढ्या एका भागातल्या पेशी चेतत जातात. एक पेशी पिंपळाखाली चेतते, दुसरी बँकेच्या पायरीशी, तिसरी वळणावर. चालण्याच्या क्रमानं त्यांची एक ओळ लागते आणि ती ओळ म्हणजेच त्या माणसाच्या डोक्यातला नकाशा. आपण झोपलो की मेंदू तीच ओळ भराभर उजळून बघतो आणि रस्ता पक्का होतो. इथपर्यंतचं शास्त्र जुनंच होतं. लोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवीन केलं ते एवढंच, की एका माणसाची ओळ टिपायची आणि ती दुसऱ्याच्या झोपेत वाजवायची. टोपीतल्या चकत्यांमधून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कवटीतून आत जातात. मुलं दुपारी जेवून डुलकी घेत असली की टोपी सुरू करायची. काही दिवस अशी झोप झाली की सगळा तालुका पाठ.

"पण ज्याची ओळ टिपायची तो माणूस त्या जागेत मुरलेला लागतो," लोंढे म्हणाले होते. "गुरुजींसारखा."

अण्णांचा चेहरा असा खुलला की सांगता सोय नाही. त्या उन्हाळ्यात डोक्यावर टिपणारी टोपी, वर छत्री, खांद्याला पाण्याची बाटली अशा थाटात अण्णांनी सगळा तालुका पुन्हा एकदा पायाखाली घातला. मागून लोंढ्यांची गाडी. वर्तमानपत्रात फोटो आला, तो मी कापून फ्रेम करून घेतला. अभिमान वाटत होता मला, कशाला नाकारू?

प्रात्यक्षिकानंतर आठवड्याभरानं मी मुलांना क्षेत्रभेटीला काढलं. आमच्या गावाला नुकतंच एक स्वयंचलित हवामान केंद्र मिळालं आहे. पाऊस, वारा, दमटपणा सगळं ते आपोआप मोजतं. केंद्र कुंडवाड्यामागच्या माळावर आहे.

कुंडवाडा म्हणजे गावाच्या पूर्वेची वस्ती. एके काळी तिथे कातडी कमावण्याची कुंडं होती. धंदा अण्णांच्या तरुणपणीच बंद पडला आणि कुंडं बुजवली गेली. आज गावातले सर्वांत सरळ रस्ते तिथे आहेत. घरांवर सौर पाट्या, दारात जास्वंद, आणि निम्म्या घरांत कुणी ना कुणी नोकरीला. गावात मात्र अजून 'खालचा वाडा' म्हणतात. जागा सपाट आहे, खाली-वर काही नाही. भूगोलाच्या शिक्षिकेनं हे निदान एकदा तरी सांगून ठेवायला हवं.

मुलं पुढे, मी मागे. रस्ता कुणालाच सांगावा लागत नव्हता. दत्ताच्या देवळापाशी उजवीकडे वळलं की कुंडवाड्यातून नीट सरळ माळावर जाता येतं. मुलं वळलीच नाहीत. सगळी रांग डावीकडे सरकली आणि नाल्याच्या कडेनं लांबच्या वळशाला लागली. नाल्यात गावाचं सांडपाणी, त्यात तरंगणाऱ्या पिशव्या, एक फुगलेलं कुत्रं. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. कुंडवाड्याकडची बाजू आली तशी मात्र सगळ्यांनी मान पलीकडे वळवली आणि वाकवलेल्या बोटाचं पेर नाकपुडीच्या कडेला टेकवलं.

"अरे, सरळ रस्ता इकडून आहे ना?" मी विचारलं.

"हो बाई," विहान म्हणाला. वर्गातला सगळ्यांत बडबड्या तो.

"मग?"

"तिकडनं नको."

"का नको?"

"घाण वाटतं," तो म्हणाला. जिल्ह्याचं मुख्यालय सांगावं इतक्या सहजपणे. त्यात ना चेष्टा होती, ना वाईट बोलल्याची लाज.

रांगेच्या शेवटी अन्वी होती. तिचं घर त्याच रस्त्यावर, देवळापासून हाकेच्या अंतरावर. तीही नाल्याच्या कडेनं चालत होती. तिचंही बोट नाकाशी होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी जवळ घेतलं तर म्हणाली, "बाई, मला कळत नाही हो काय होतंय."

मला मात्र कळलं होतं. बोटाचं पेर नाकपुडीशी टेकवून मान वळवायची, ही लकब मी जन्मापासून बघत आले आहे. ताटात शिळी भाजी पडली, एसटीत शेजारी कळकट माणूस येऊन बसला, की अण्णा हेच करतात. गावातल्या सगळ्या पोरांच्या अंगात माझे वडील उभे होते. हवामान केंद्रात त्या दिवशी मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

संध्याकाळी अन्वीची आई घरी आली. प्रतीक्षाताई तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहेत. ड्युटीवरून परस्पर आल्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"बाई, माझी पोरगी घरात माझ्या हातचं खाईना झालीय," त्या म्हणाल्या. "आधी वाटलं पोट बिघडलं असंल. डबा शाळेत खाते, घरी घास घेतला की उलटी. आता तर उंबऱ्यातच थांबते. दोन वेळा फिनेलनं घर पुसलं मी. म्हणते, आई, वास येतोय. कसला गं? तर म्हणते, माहीत नाही, पण आपल्या घराचा येतोय. सध्या तिच्या मावशीकडं ठेवलीय, तालुक्याला. तिकडं सगळं खाते. तिथनं शाळेला येते." त्यांनी पर्सचा बंद गच्च धरला होता. "माझ्या अंगाचा वास येतोय का, असं विचारलं तिला. रडायलाच लागली. मी दवाखान्यात रोज कुणाकुणाचं काय काय धुते, बाई. मला कधी उलटी झाली नाही. पण त्या दिवशी झाली."

अण्णा आत होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. बाहेर मात्र आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी लोंढ्यांना फोन लावला. त्यांनी अण्णांच्या टिपणातला कुंडवाड्याजवळचा भाग काढून पाहिला. मग म्हणाले, "मॅडम, ते गेलेच नाहीयेत आत. कडेनं गेलेत. आणि कडेनं जाताना शिसारीची मोठी उसळी आहे."

"मग तो काढून का टाकला नाहीत?"

"चेहरे आणि आवाज आम्ही गाळतो. पण वाटणं गाळता येत नाही." ते खुलासा करत राहिले. वासाची नस मेंदूत जिथे पोचते तिथून जागेच्या पेशी फार लांब नाहीत. आवड-नावड ठरवणारी बदामाएवढी गाठही तिथेच शेजारी. जागा, वास आणि किळस हे सगळं मेंदू एकाच दमात लिहितो. सुरुवातीला त्यांनी भाड्यानं माणसं चालवून बघितली होती. त्यांना त्या गावांचं ना प्रेम ना राग. त्यांची ओळ मुलांच्या डोक्यात दोन दिवसही टिकेना. "वाटणं हा डिंक आहे, मॅडम. तो काढला की नकाशा गळून पडतो."

"आपोआप जाईल का?"

"बाकीच्या मुलांचं ती तिथे वारंवार गेली तर झिजेल. गेली तर. पण या मुलीचा स्वतःचा नकाशा त्या घरापासूनच सुरू होतो ना. तिच्यात दोन्ही ओळी एकमेकींत अडकल्यात."

मी जगदाळे सरांकडे गेले. ते चहात बुडून पडलेल्या बिस्किटाचा लगदा चमच्यानं काढून खात होते. माझं सगळं बोलणं होईपर्यंत खात राहिले.

"बाई, एवढा बोभाटा कशाला?" ते म्हणाले. "जिल्ह्यात पहिले आलोय आपण. मुलं तिकडनं जात नाहीत, एवढंच ना? तसंही आपल्या मुलांचं तिकडं काय काम असतं?"

"अन्वीचं घर आहे तिकडे."

"ती आता मावशीकडं राहतेय ना? छान झालं की. तालुक्याला राहील, शिकंल, पुढं जाईल." लगद्याचा शेवटचा चमचा त्यांनी चाटून पुसून घेतला. "आणि गुरुजींचं नाव यात यायला नको. देवमाणूस आहे."

त्या माणसाच्या ओठांकडे बघताना मला अक्षरशः मळमळलं. पालकांना विचारावं म्हटलं, तर पालकही त्यांच्याच माळेतले. दोघी-तिघी आया मला रस्त्यात गाठून हळूच म्हणाल्या की झालं ते बरंच झालं, पोरं हल्ली फार तिकडे खेळायला जायची. हे सांगताना त्या हसत होत्या. गोड, घरगुती हसणं. मला तोंड धुवावंसं वाटत होतं.

मग उरले अण्णा. मी जेवायला वाढलं आणि सरळ विषय काढला.

"मी?" अण्णांचा घास हातातच राहिला. "नंदा, मी आयुष्यात कुणाला वेगळं मानलं नाही. कुंडवाड्यातली पहिली पोरगी मॅट्रिक झाली ती कुणामुळे? तिच्या बापाला मी समजावलं. स्कॉलरशिपच्या परीक्षेला त्यांची पोरं मी स्वतः घेऊन गेलो. समतेवर माझी किती भाषणं झाली असतील, विचार कुणालाही."

"सगळं खरं आहे. पण अण्णा, कुंडवाड्यातल्या कुणाच्या घरात गेलात का तुम्ही कधी?"

"गेलो असेन की."

"कुणाच्या?"

ते आठवत राहिले. मी वाट पाहिली. आमटीवर साय धरली.

"मुलांची नावं मी बाहेर उभं राहून घेत असे," ते शेवटी म्हणाले. "त्यांनाच संकोच वाटू नये म्हणून."

"आणि उन्हाळ्यात टोपी घालून चालताना? सरळ रस्ता सोडून नाल्याच्या कडेनं का गेलात?"

"ऊन होतं. तिकडे सावली होती."

नाल्याच्या कडेला एक बाभूळसुद्धा नाही. तालुक्यातलं प्रत्येक झाड ओळखणारा माणूस माझ्या ताटासमोर बसून झाडांबद्दल खोटं बोलत होता, आणि त्याला ते खोटं वाटतही नव्हतं. हेच मला सर्वांत किळसवाणं वाटलं. उघड उघड दुष्ट माणूस परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यावर कुणाला टोपी घालावी लागली नव्हती. मी अण्णांचं बोट धरून चालले होते. जनगणनेचं काम लागलं ते सोडून मी स्वतः कुंडवाड्यात कधी कुणाकडे पाणी प्यायले होते?

लोंढे पुढच्या आठवड्यात आले. त्यांच्याकडे एक उपाय होता. त्याच जागेतून दुसऱ्या कुणाची तरी ओळ टिपायची, जिला तिथे आपलं वाटतं अशा व्यक्तीची, आणि ती पहिलीवर चढवायची. आम्ही दोघं प्रतीक्षाताईंकडे गेलो. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. स्वच्छ, हवेशीर घर, ओट्यावर कढीपत्त्याची फोडणी. दुसरा कसलाही वास नव्हता.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग लोंढ्यांना विचारलं, "म्हणजे मी टोपी घालून गावभर फिरायचं?"

"हो. तुमच्या घरापासून शाळेपर्यंत तरी."

"आणि मला जे वाटंल ते पोरांना वाटणार?"

"हो."

त्या हसल्या. "डॉक्टर, दत्ताच्या देवळासमोरनं जाताना मला काय वाटतं, माहितीय? लहान होते तेव्हा तिथल्या नळाला हात लावला म्हणून एका बाईनं आपलं भरलेलं मडकं आपटून फोडलं होतं माझ्यासमोर. आता ती बाई म्हातारी झालीय, इंजेक्शन घ्यायला माझ्याकडंच येते. पण तिथनं जाताना माझं अंग अजून आकसतं. ते घालू का तुमच्या सगळ्या पोरांच्या डोक्यात? चालंल गावाला?"

मला क्षणभर वाटलं, चालू दे. जगदाळे सरांच्या नातवाला देवळासमोर आकसून जाताना बघावं. मनातल्या मनात मी त्याची चव घेतली आणि मग माझीच मला शिसारी आली.

"आणि अन्वीला तर मुळीच नको," प्रतीक्षाताई म्हणाल्या. "मला जे वाटतं ते तिला वाटू नये, म्हणून तर एवढी धडपड केली. गुरुजींचं काढून माझं घालायचं? दोन्ही नको." त्या उठल्या, गॅस बंद केला. "गुरुजींना आणा. ज्यांनी घातलंय ते काढतील. माझ्या घरी येऊ देत, आत. बसू देत, खाऊ देत. अन्वीच्या समोर."

लोंढ्यांनी मान हलवली. ज्याची ओळ आहे त्यानंच पुन्हा त्याच वाटेनं चालून नव्यानं लिहिली, तर ती पहिलीवर सर्वांत नीट बसते. अट एकच, मनात काही असता कामा नये.

अण्णा तयार झाले. नुसते तयारच नाहीत, उत्साहानं. "यात काय विशेष आहे?" ते म्हणाले. "आत्ता सगळ्यांची खात्री पटेल." इस्त्रीचा नेहरू शर्ट घातला, नवीन चपला काढल्या. आरशासमोर उभं राहून त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. रविवारची सकाळ होती.

देवळापाशी ते उजवीकडे वळले, ताठ मानेनं. रस्त्यात भेटेल त्याला नमस्कार करत होते, जरा जास्तच मोठ्यानं. माणसं दारात येऊन उभी राहिली. बऱ्याच जणांना त्यांनी शिकवलं होतं, त्यामुळे एक-दोघांनी वाकून पायाला हात लावला. लोंढे मागून हातातल्या पडद्याकडे बघत चालले होते. मी त्यांना काही विचारलं नाही.

अन्वीला मावशीनं आणून सोडलं होतं. ती दाराबाहेरच्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. बोट नाकाशी. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चपला काढून ते आत गेले. खुर्चीवर बसले. बोलत राहिले. घर किती छान ठेवलंय, उजेड किती छान येतो, दिशा साधून बांधलंय. प्रतीक्षाताईंनी ताट आणून ठेवलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. अण्णांनी भाकरी मोडली, घास घेतला. "वा!" ते म्हणाले. "असं भरीत कितीतरी दिवसांनी खाल्लं." दुसरा घास घेतला. चेहऱ्यावर हसू होतं. क्षणभर माझा विश्वास बसला. मला बसवायचाच होता.

अन्वी उंबऱ्यापर्यंत येऊन चौकटीला धरून उभी होती आणि अण्णांकडे बघत होती. त्यांच्याकडे इतकं निरखून मीही कधी पाहिलं नव्हतं.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुम्हालाही येतोय ना?"

"काय, बाळ?"

"वास."

"छे! कसला वास? किती सुंदर वास येतोय भरीताचा."

"तो नाही. दुसरा." अन्वी अडखळत नव्हती. परिसर अभ्यासातलं उत्तर द्यावं तशी सांगत होती. "ओल्या कातड्याचा. त्यात आंबट कायतरी. खड्ड्यात तांबडं पाणी असतं आणि त्यावर बाभळीच्या साली. माशा बसलेल्या असतात. आणि पाय भरले तर घरात घेणार नाहीत, आधी मागच्या दारी आंघोळ घालतील, अशी भीती वाटते. तसा."

अण्णांच्या हातातला घास ताटात पडला.

कुंडं बुजली तेव्हा अन्वीची आईसुद्धा जन्मली नव्हती. या पोरीनं आयुष्यात कातड्याचं कुंड पाहिलं नव्हतं. आणि मागच्या दारी आंघोळ कुणाला घातली गेली, गार पाण्यानं, कुडकुडत, कुणाच्या आईनं घातली, हे त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं. त्यानं ते कधी मलाही सांगितलं नव्हतं.

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना मदत केली नाही. मग त्यांनी प्रतीक्षाताईंकडे पाहिलं. त्या पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"येतोय ना, गुरुजी?" अन्वीनं पुन्हा विचारलं. तिला त्यांना पकडायचं नव्हतं. आपण एकटे नाही, एवढंच तिला हवं होतं.

"हो," अण्णा म्हणाले. "येतोय."

"आत्ता?"

"हो. आल्यापासून."

"म्हणजे तो आमच्या घराचा नाही."

"नाही, बाळ. तुमच्या घराला कसलाही वास नाही."

"माझ्या आईचा पण नाही."

"नाही."

"तुमचा आहे."

लोंढ्यांनी पडदा बंद केला. हे टिपण कामाचं नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. सांगायची गरज नव्हती.

"हो," अण्णा म्हणाले. "माझा आहे."

अन्वीनं थोडा वेळ विचार केला. गणित सुटल्यावर मुलं पाटीकडे बघतात तसं तिनं घराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग चौकट सोडून ती आत आली. तोंड वाकडं झालं, घशाशी आलं असावं, तिनं ते गिळलं. अण्णांच्या खुर्चीसमोर येऊन ती उभी राहिली.

"मग गुरुजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?" ती म्हणाली. "मला जेवायचंय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, अपमान नव्हता. एवढ्या सभ्यपणे मी कुणाला काही सांगितलं नसतं. प्रतीक्षाताई "अगं" म्हणून पुढे झाल्या, पण अण्णा उठले होते. त्यांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली. ताटातली मोडलेली भाकरी पाहिली. मग ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. रस्त्यावरून जाणारी माणसं निगडे गुरुजींना असं पायरीवर बसलेलं बघून थबकत होती.

अन्वी आईजवळ फरशीवर बसली. प्रतीक्षाताईंनी दुसरी भाकरी घेतली. पहिल्या घासाला तिला उमासा आला. तिनं दाराकडे पाहिलं, अण्णा अजून बाहेरच आहेत याची खात्री करून घेतली आणि दुसरा घास तोंडात घातला.

मी अण्णांपाशी जाऊन बसायला हवं होतं. मी गेले नाही. प्रतीक्षाताईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं, आणि मी जेवायला बसले.